जास्वंदीच्या फोटोमागचं माणूस

समजा, तुमच्यासमोर एका मोबाईल गेमखाली आलेल्या शेकडो कमेंटा आहेत. त्यातल्या कोणत्या लोकांनी आपणहून लिहिल्या आणि कोणत्या कुणीतरी भाड्याने लिहवून घेतल्या, हे तुम्हाला ओळखायचंय. करून बघा. लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. हाताशी फक्त एक नाव, नावाशेजारी नखाएवढा फोटो आणि ‘खूप छान’ एवढे दोन शब्द. सांगा आता, हा माणूस खरा की खोटा?

तितिस हे काम हौसेने करायची. जकार्त्याहून लांब, मालांग शहरात, उतारावरच्या एका गल्लीत ती आईबरोबर राहते. आधी ती एका सायबर कॅफेच्या काउंटरवर होती. शाळेचा प्रकल्प करतोय असं सांगणारी पोरं कोणत्या खिडकीमागे कोणता गेम लपवतात, हे तिला त्यांच्या खांद्यांवरून कळायचं. मोबाईलने कॅफे गिळले, तशी ती घराच्या ओसरीवर माईक आणि कॅमेरा घेऊन बसली. दर आठवड्याला तंत्रज्ञानाच्या बातम्या, इंटरनेटवरच्या भानगडी, नवे गेम, आणि या सगळ्यावर तिचं मत. कार्यक्रमाचं नाव ‘आधी थांबा’. रेकॉर्डिंगच्या वेळी गल्लीतून बाक्सोवाल्याची गाडी जायची आणि मांसाच्या गोळ्यांच्या सूपसाठी त्याने वाडग्यावर केलेली टकटक प्रत्येक भागात ऐकू यायची. ऐकणाऱ्यांना वाटे, ती मुद्दाम घातली आहे.

तिची मतं धारदार असत. नवा फोन आला की म्हणायची, “कॅमेरा एक वाढला, चार्जर डब्यातून गेला. याला प्रगती म्हणत असाल तर माझ्या चपलेचंही कौतुक करा, तिचाही अंगठा गेलाय.” फुकटच्या गेमबद्दल म्हणायची, “आत शिरल्या शिरल्या दुकान दिसलं, तर समजा की गेम हा फक्त दुकानाचा पडदा आहे.” यंत्राकडून बातम्या लिहवून घेणाऱ्यांना तिचा एकच सवाल होता: “बातमी चुकली तर माफी यंत्र मागणार का?”

पण तिचा खरा राग भाडोत्री लिहिणाऱ्यांवर. निवडणूक असो, साबण असो, नवं हॉटेल असो, पैसे फेकले की स्तुती करणारी फौज मिळते हे त्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तितिसने ती फौज ओळखायच्या खुणा ठरवून टाकल्या होत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. सगळ्या कमेंटा एकाच दुपारी. आणि फोटोत माणूस नाही, फूल. “फुलाचा फोटो दिसला की सावध व्हा,” ती सांगायची. “चेहरा लपवायचा असतो तेव्हाच माणूस फूल लावतो.”

अशात ‘निळी गाडी’ नावाचा गेम आला. बनवणारे कुणी ‘सांज स्टुडिओ’, नाव पहिल्यांदाच ऐकलेलं. शहरातली निळी शेअर गाडी चालवायची, माणसं चढवायची, उतरवायची. मागून प्रवासी “डावीकडे!” असं ओरडले की कडेला घेऊन थांबायचं. म्हातारी बाई चढताना घाई केली तर ती उतरेपर्यंत बडबडत राहते. तितिस सबंध सकाळ खेळत बसली. भात करपल्याचा वास आला तेव्हा कुठे ती भानावर आली.

आणि म्हणूनच तिला शंका आली. एवढं आवडलं म्हणजे कुणीतरी आपल्याला पद्धतशीर गुंडाळतंय. तिने कमेंटा उघडल्या.

‘खेळ सुंदर आहे, मनाला थंडावा देतो. बनवणाऱ्याच्या कष्टाला यश येवो, आमिन.’ पुढे जोडलेले हात.

खाली तेच वाक्य. त्याखाली परत तेच. शब्द नाही बदलला, हातसुद्धा तेच. सगळं एकाच दुपारचं. नावं तिने वाचलीच नाहीत; शेजारी गुलाब, ऑर्किड, मशिदीचा घुमट, झोपलेलं बाळ, आणि एक टपोरी लाल जास्वंद.

तितिसच्या अंगात वीज खेळली. त्या आठवड्याचा भाग तिने एका दमात केला. पडद्यावर त्या कमेंटा एकाखाली एक लावल्या, जास्वंद मोठी करून दाखवली आणि म्हणाली, “निदान वाक्यं तरी बदलायची! फौज आणली ती पण स्वस्तातली.” गेम खेळायला कसा आहे, याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

भाग तुफान चालला. लोकांनी ‘निळी गाडी’ला सर्वांत कमी तारे द्यायला सुरुवात केली. न खेळता.

चौथ्या की पाचव्या दिवशी तितिसची आई फोन घेऊन ओसरीवर आली. आई तिचा कार्यक्रम कधीच बघत नसे. “तू भांडतेस, मला धडधडतं,” म्हणायची.

“तितिस, हे माझं फूल ना?”

“कोणतं फूल?”

“हे. तू एवढं मोठं करून दाखवलंयस. कुंडीतली जास्वंद आहे ती. मी स्वतः काढलाय फोटो.”

तितिसने फोन हातात घेतला. फोटोच्या कोपऱ्यात कुंडीची टवका उडालेली कड होती. ही कड तिने पडद्यावर बोटभर उंच करून दाखवली होती, तरी तिला दिसली नव्हती.

“आई, तू गेमवर कमेंट केलीस? तू गेम खेळतेस?”

“मी कशाला खेळू? वरच्या टोकाच्या बू सुलास्त्रीने गल्लीच्या ग्रुपवर सांगितलं. तिच्या गलिहने बनवलाय ना तो. अगं, गलिह. लहानपणी तुझ्या कॅफेत येऊन बसायचा तो.” वडीलधाऱ्या बायकांना तिकडे ‘बू’ म्हणतात, पुरुषांना ‘पाक’.

“आणि वाक्य? ते कुणी दिलं?”

“पहिलं बू सुलास्त्रीच्या बहिणीने लिहिलं. मग आम्ही तेच टाकलं.”

“तेच का? स्वतःच्या मनाचं लिहायला काय झालं होतं?”

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू लेकीने पाहुण्यांसमोर पाय पसरले. “भिशीतल्या सगळ्या जणी तेच लिहितायत आणि मी वेगळं लिहू? म्हणजे काय, मी जास्त शहाणी? गेल्या महिन्यात पाक हार्योनो गेले तेव्हा तू काय लिहिलंस ग्रुपवर? वरच्याचं उचलून खाली चिकटवलंस. ते काय पैसे घेऊन?”

ग्रुपवर कुणी गेलं, कुणाला बाळ झालं, कुणी यात्रेला निघालं, की पहिल्याचं वाक्य उचलून सगळे खाली लावतात. तीही लावते. कमीजास्त शब्द लिहिला तर उगीच डोळ्यात येतं. उद्धटपणाच तो.

“आता गलिहचं काय झालंय ठाऊक आहे का?” आई म्हणाली. “जकार्त्याची कुठलीशी कंपनी त्याचा गेम घेणार होती. तुझा भाग बघून गप्प बसली. बू सुलास्त्री भिशीला आली नाही. आणि मला विचारतायत, तुमची तितिस काय म्हणते? काय सांगू मी?”

दुपारी तितिस गल्लीच्या वरच्या टोकाला, बू सुलास्त्रींकडे गेली. जाताना मनात तोच किडा वळवळत होता. आईला वाटतंय की सगळं साधंसुधं आहे. पण गलिहनेच आपल्या आईला सांगून हे घडवलं नसेल कशावरून? भाडं द्यायला पैसेच लागतात असं थोडंच आहे?

बू सुलास्त्रींनी दार उघडलं आणि थेट आत जाऊन चहा ठेवला. तळलेली केळी आली. गेम बनवणाऱ्याच्या घरचं काही खायचं नाही, हा तितिसचा नियम होता. पण बू सुलास्त्री समोर बसून बशीकडे बघत होत्या. तितिसने केळं उचललं.

गलिह बाहेर आला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते पाहुण्यांसाठी ठेवलेलं.

“ये म्बाक तितिस. बऱ्याच दिवसांनी.” म्बाक म्हणजे ताई, कॅफेपासूनची हाक.

“गलिह, स्पष्टच विचारते. कमेंटा लिहायला तू सांगितलंस?”

“नाही, म्बाक. मला तर ते बघून लाज वाटली होती. पण भिशीच्या बायकांना ‘पुसा’ असं मी कसं म्हणू?”

“मी सांगितलं,” बू सुलास्त्री मध्येच म्हणाल्या. “लेकाने तीन वर्षं खोलीत बसून काहीतरी बनवलं. त्याला चार लोकांनी आशीर्वाद द्यावा, एवढंच सांगितलं. आशीर्वाद मागणं गुन्हा आहे होय तुमच्या इंटरनेटवर?”

“गुन्हा नाही, बू. पण गेम न खेळता...”

“तू खेळलीस ना?” गलिहने विचारलं. आवाज हळूच, पण हसू आता गेलं होतं. “मग तू का नाही सांगितलंस कसा आहे ते? त्यांनी न खेळता बरं म्हटलं. तू खेळून काहीच म्हटलं नाहीस.”

तितिसने चहाचा कप खाली ठेवला. गरम होता म्हणून नव्हे.

“त्या म्हाताऱ्या बाईची बडबड,” ती म्हणाली, “ती कुठून आणलीस?”

गलिहने मान वळवून आईकडे पाहिलं. बू सुलास्त्री पटकन केळ्यांची बशी सरळ करायला लागल्या.

निघताना तितिसने आणखी एक विचारलंच. न विचारता ती राहूच शकत नाही. “बू, गेम निघाला तेव्हा तुम्ही प्रार्थना ठेवली होती ना? घरोघर डबे गेले. पिवळा भात, मिरचीतलं अंडं. आमच्याकडेही आला होता. ते डबे ग्रुपवर सांगायच्या आधी गेले की नंतर?”

“ते कुणाच्या लक्षात असतं?” बू सुलास्त्री म्हणाल्या. “नवं काम सुरू झालं की डबे जातातच. लिहिणाऱ्याला जातात, न लिहिणाऱ्यालाही जातात. अंडं तूच खाल्लंस, तुझ्या आईला अंडं चालत नाही.”

हे खरं होतं. अंडं तितिसनेच खाल्लं होतं, कुणाचं ते न विचारता.

पुढच्या भागात तिने जास्वंद पुन्हा मोठी करून दाखवली. या वेळी कुंडीच्या टवका उडालेल्या कडेवर बोटही ठेवलं. “हे फूल माझ्या आईचं आहे,” ती म्हणाली. “ही फौज नव्हती, आमची गल्ली होती. मी चुकले. पण या बायकांनी गेम खेळलेला नव्हता, हेही खरं, म्हणून ते तारे मोजू नका. माझंही ऐकू नका. मी खेळले आहे, मला आवडला, भात करपला. तुम्ही स्वतः खेळा आणि मग तारे द्या.” मागे वाडग्यावर टकटक झाली.

खाली लोक तुटून पडले. ‘किती मिळाले?’ ‘हिलाही विकत घेतलं.’ ‘आधी थांबा म्हणणारीच थांबली नाही.’ तितिस एकेक वाचत गेली. तिने इतरांना विचारलेले प्रश्न आता तिलाच, तिच्याच शब्दांत विचारले जात होते. वाईट याचं वाटलं की प्रश्न चुकीचे नव्हते.

जकार्त्याच्या कंपनीचं गलिहला उत्तर आलं. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. ‘आमची माणसं आता गेम खेळून बघतायत,’ एवढंच. गलिहने ते आईला वाचून दाखवलं, तेव्हा बू सुलास्त्री म्हणे चिडल्या, “म्हणजे आतापर्यंत खेळले नव्हते?”

त्याच दुपारी तितिसने पुन्हा कमेंटा उघडल्या. शिव्यांच्या वर नवीन काहीतरी चढलं होतं.

‘कार्यक्रम सुंदर आहे, मनाला धीर देतो. तितिसच्या कष्टाला यश येवो, आमिन.’ जोडलेले हात.

खाली तेच. त्याखाली परत तेच. गुलाब, ऑर्किड, घुमट, झोपलेलं बाळ, जास्वंद.

आता हे पाहून कुणीही म्हणणार, पाहा, फौज आली. आणि पुसा म्हणून सांगायचं तरी कुणाला? ती डोक्याला हात लावून बसली असतानाच फाटक वाजलं. आई डबा घेऊन आत आली. वर केळीच्या पानाचा तुकडा, आत पिवळा भात.

“बू सुलास्त्रीकडून. खा, गरम आहे. या वेळी दोन अंडी घातलीयत तिने.”

तितिसने डब्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा डब्याकडे.

“आई,” ती म्हणाली, “आज कसली प्रार्थना होती त्यांच्याकडे?”