फरशीखालची चूल

तुम्ही बुक केलेल्या फ्लॅटच्या जागी आधी कोण राहत होतं, हे तुम्ही कधी विचारलंय का? नसेल विचारलं… तर हे वाचा.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. शाळेत असल्यापासून मी संघटनेची पत्रकं वाटतोय — त्यातली निम्मी अंगारे-धुपारेवाल्यांच्या विरोधातली. तरी हे लिहितोय, कारण त्या फरशीवर माझा स्वतःचा हात होता.

ठिकाण उंबरमाळी स्टेशन. फलाटामागच्या उतारावर वाडीची सात घरं होती. आता तिथे 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असा बोर्ड आहे. घर होतं हे सिद्ध केलं तर नव्या इमारतीत एक खोली द्यायचं बिल्डरने कबूल केलं होतं. त्या सातांतल्या बुधीमावशीकडे मात्र एकही कागद नव्हता.

वाडीचा रिवाज असा, की घर सोडताना चुलीचा एक दगड सोबत न्यायचा आणि नव्या जागी आधी तोच मांडायचा. पाडकामाच्या दिवशी मावशी चूल विझवायला वाकली, तेव्हा मीच अडवलं. "चूल हलवू नको. हलवलीस तर राजीखुशीने गेली असं लिहितील."

तिने ऐकलं. जेसीबी पेटत्या चुलीवरून गेला.

नवी इमारत उभी राहिली आणि मार्गशीर्षात मावशीच्या दाव्याची पाहणी झाली. सकाळचे अकरा, तळमजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट. "घर कुठं होतं, दाखवा," पाहणीला आलेले सरकारी साहेब म्हणाले. फरशी मळू नये म्हणून साइटच्या मॅनेजरने मावशीच्या पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायला लावल्या. ती हॉलभर फिरली. खिडकीतून डोंगर बघितला, दोन पावलं मागे आली आणि पिशव्या काढून टाकल्या.

"हितं. हात लावा."

बाकी सगळी फरशी गारठलेली. ती एकच — नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी. ऊन तिथवर पोचत नव्हतं. मला चटका बसला. साहेबांनी हात ठेवला आणि झटकन ओढला.

मॅनेजर हसला. "मावशी, चहा टाका मग. गरम फरशी फ्री, असं ब्रोशरमध्ये छापतो."

"दूध आण, टाकते. माझी चार पोरं शेकली हितं, तुलाबी शेकीन."

साहेबांनी लिहिलं — घराच्या अस्तित्वाचा पुरावा आढळला नाही.

"साहेब, तुमचा हात दाखवा," मी म्हणालो.

"गरम फरशीला फॉर्ममध्ये रकाना नाही रे." तळवा लाल झाला होता. सही त्यांनी डाव्या हाताने केली.

दुसऱ्या दिवशी ती फरशी उखडली. घमेली वाहायला मावशीलाच रोजावर बोलावलं… आणि ती गेली, दगड तरी सापडतील म्हणून. खाली वायर नाही, पाइप नाही, दगडही नाहीत. नुसती भरावाची माती. नवी फरशी बसली. संध्याकाळपर्यंत तीही तापली, हे बसवणाऱ्या गवंड्यानेच मला सांगितलं. आता तिच्यावर सोफा ठेवलाय.

मावशी शेणव्याला लेकीच्या पडवीत राहते. स्वतःची चूल मांडत नाही. "दगुड कुठाय मांडायला?" ती म्हणाली. "तू सांगतलंस, म्हणून ठेवला ना रे."

ती फरशी का तापते, हे अजून कळलेलं नाही.

अपील बाकी आहे. तिथे चटका चालत नाही, फोटो चालतो. तुमच्यापैकी कोणी ट्रेकला उंबरमाळीला उतरलं असेल, तर जुना फोन उघडा. फलाटावरच्या तुमच्या फोटोत, तुमच्या खांद्यामागे बघा — कुडाचं घर, वर निळी ताडपत्री, दार डोंगराकडे. सापडलं तर क्रॉप करू नका. तारखेसकट इथे खाली टाका.