सालीसकट आठळ्या

मिरकरवाड्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत खतिजाबींनी कधी आत पाऊल टाकलं नाही. त्या बाहेर पायरीवर बसत. तरीही त्या शाळेची गोष्ट सांगायची, तर पडदा पायरीवरच उघडायला हवा.

साल चोपन्न. पावसाळ्यात आमची नाटक मंडळी बंद, म्हणून मी घरी होतो. शाळेचे भिकाजीमास्तर सातवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर जादा तास घेऊ लागले होते. मुलांकडून कविता म्हणवून घ्यायला त्यांनी मला बोलावलं.

सातवीची फायनल परीक्षा पास झालं की मास्तरकी मिळे. वर्गातली एकटी मुलगी म्हणजे खतिजाबींची रझिया. बाप मुसा बोटीवर खलाशी म्हणून गेला, तो परतलाच नाही. आई जाळी विणून पोरीला शिकवत होती. रझियानं मास्तरीण व्हावं, एवढंच त्या माउलीचं मागणं.

पण होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरोघरी ओढगस्त. सकाळची पेज पिऊन आलेल्या पोरांच्या माना जादा तासाला खाली पडत. एकेक जण पळू लागला.

मास्तर खतिजाबींना म्हणाले, "एका पोरीसाठी तास चालवू देणार नाहीत मला. मुलं टिकली तर तास टिकेल."

दुसऱ्या दिवशी खतिजाबी टोपली घेऊन पायरीवर हजर. टोपलीत राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, अजून गरम. पोरं घुटमळली. कोणी हात पुढे करेना. तेवढ्यात सदूची आई गोदा आली.

"काय गो खतिजा, आमची पोरां तुझ्या हातचं खातील होय?"

"माझ्या हातचं कुठे गो, गोदाबाय? माझा हात सालीला. आतलं झाडाचं. ज्यानं त्यानं सोलायचं आणि खायचं."

"वकिलीण झालीस मोठी!" गोदा फणकारली. पण सदूला घेऊन गेली नाही. त्या दिवसापासून पायरीवर सालींचा ढीग पडू लागला, आणि वर्ग भरू लागला.

एकदा सदूच्या हाताला कोयती लागली. बोटं फडक्यात बांधलेली. तो नुसताच टोपलीकडे बघत बसला होता. खतिजाबींनी बोलता बोलता एक आठळी सोलली आणि त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवली. सदूनं ती तोंडात टाकली. मागे त्याचं इरलं घेऊन गोदा उभी होती.



खतिजाबींनी गोदाला पाहिलं आणि हातातली साल खाली टाकली. "चुकलं गो. मला काय हवं ते बोल, पण पोराला काढू नको. त्याच्यामागून सगळी जातील. माझ्या रझियेचा तास जाईल."

गोदानं लेकाच्या फडक्याकडे पाहिलं. मग इरलं भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली.

"मीठ नाय आणलंस?"

"मीठ?"

"अळणी आठळी पोराच्या घशाखाली उतरायची कशी? ऱ्हाऊ दे, उद्या मी आणीन."

आणि तिनं स्वतःच दुसरी आठळी सोलायला घेतली.

तास टिकला. रझिया पास झाली आणि तिला संगमेश्वरकडच्या एका शाळेत नेमलं. आईला ती सोबत घेऊन गेली. निघताना खतिजाबी ती टोपली गोदाच्या ओट्यावर ठेवून गेल्या.

पुढे कितीतरी पावसाळे, शाळा सुटायच्या वेळेला, गोदा ती टोपली कडेवर घेऊन शाळेकडे चाललेली मी पाहिली. सदूची शाळा तेव्हा केव्हाच संपली होती.