बसलो विमानात

आमच्याकडं माणूस अंघोळीला बसलेला असतो आणि फोनवर सांगतो, "निघालो." याला कुणी खोटं धरत नाही. बंगळुरात वीस वर्षं काढूनही माझी ही सवय गेली नाही.

भाचीचं लग्न किल्लारीला होतं, संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर. मी तिचा एकुलता एक मामा. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, हे ती पाळण्यात असल्यापासून सगळे मला सांगत आले होते. त्या हिशेबानं सकाळी साडेदहाचं हैदराबादचं विमान ठरवलं, पुढं पाच तासांची गाडी. तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, काही बदल करता येणार नाही असं बजावून दिलेलं. आणि आदल्या संध्याकाळी आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. पाहुण्यांना लांब परतायचंय, मुहूर्त दुपारी एकचा केलाय. पहाटेच्या विमानानं येतो, म्हणून तिला सांगून टाकलं.

पहाटे चारला विमानतळावर जाऊन सहाच्या विमानात बसवा म्हणून काउंटरवरच्या मुलीला विनवलं. ती म्हणाली, "या तिकिटावर बदल होत नाही. कुणी आलं नाही तर स्टँडबायमध्ये बघू. बाजूला थांबा."

बाजूला थांबलो. झोप नाही, चहा नाही, बॅगेत भाचीची साडी. रांगेत नवा माणूस आला की मला त्याचा राग यायचा. बिचाऱ्यानं माझं काही बिघडवलं नव्हतं, पण यायचा.

पाचला आक्काचा फोन.

"बसलास का रं इमानात?"

"हाव आक्का, बसलो."

"खरंच ना?"

"दार लावून राहिलेत आता. ठेव."

थोड्या वेळानं कळलं, एक जागा उरली होती. ती माझ्याच शेजारी थांबलेल्या एका बाईंना दिली, कारण त्यांचं तिकीट महागातलं, बदल चालणारं. मुलगी सॉरी म्हणाली. खरं सांगायला म्हणून मी फोन काढला आणि परत खिशात टाकला. आपल्याकडचं एकचं लग्न चारच्या आत लागतं कुठं, अशी स्वतःची समजूत घातली. दुपारी आक्कानं परत फोन करून विचारलं तेव्हा मी हैदराबादच्या विमानतळाबाहेर गाडी शोधत होतो. सांगितलं, जहीराबाद गेलं, निम्मी वाट झाली.

मांडवात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. आचारी कढया घासत होता. माझ्यासाठी तासभर थांबून दोनला लग्न लावलं होतं, आणि भाचीच्या पाठीशी शेजारचे काका उभे राहिले होते. भाची पाया पडली. मला तिच्याकडं नीट बघवलं नाही.

आक्कानं ताट आणून पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली. तिचा आवाज मंगलाष्टकांनी की रडून कोण जाणे, पार बसला होता.

"पहाटं व्याह्यांचा फोन आलता," ती म्हणाली. "मामाला जमत नसलं तर संध्याकाळचाच मुहूर्त ठिवू, म्हणले. म्हणून तर तुला इचारलं, बसलास का."

मी पोळीचा तुकडा मोडला. तिनं विचारलं, "भात वाढू का?"