मास्तरांनी वजनाला नेलेली माणसं

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस अर्धा वेडा झालेला असतो, हे एकदा मान्य केलं की टकटकमास्तरांचा धंदा समजतो. गाडीवर जीव जडला की गंज दिसत नाही. म्हणून त्याच्या वतीने बघायला जीव न जडलेला माणूस लागतो, आणि तीस वर्षं हे काम मास्तर इमानेइतबारे करत होते. बोटाच्या पेरांनी पत्रा टकटक वाजवायचा, रुमालात गुंडाळलेलं चुंबक रंगावरून फिरवायचं. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, नुसती पुट्टी. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, घ्या किंवा नका घेऊ. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, तरी मास्तर हे नाव पडलं ते पडलंच.

त्यांची बायको मग आपसूकच मास्तरीणबाई. त्या घरी बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायच्या. नवरा दिवसभर नक्की काय बघतो याची त्यांना भारी उत्सुकता, पण तीस वर्षांत मास्तरांनी एकदा म्हणून बरोबर नेलं नव्हतं. त्यामुळे त्या रविवारी सकाळी ते म्हणाले, "आवर गं, गाडी बघायला जायचंय, दादालाही बोलावलंय," तेव्हा बाईंच्या हातातली कात्री हातातच राहिली. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. बेकरी चालवायचा आणि काट्यावर उभा राहिला तर काटा शंभराच्या पुढे जायचा.

"मी कशाला? आणि दादा कशाला?"

"वजनाला," मास्तर म्हणाले आणि बूट घालायला लागले.

गाडी एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांची होती. त्यांचे गुडघे गेले होते, इतक्या खाली वाकून बसवत नव्हतं, म्हणून विकायची. तिघं पोचले, शेडचं दार सरकलं आणि बाई बघतच राहिल्या. गर्द हिरवी, लांबलचक, छत मागे दुमडलेलं, दोन दारं आणि आत चार माणसांची जागा. वय चाळिसाच्या वर, पण काय तोरा!

"छत नाही, तर हिला धरून काय ठेवतं हो?" बाईंनी विचारलं.

मास्तर खूश झाले. असा प्रश्न गिऱ्हाइकंसुद्धा विचारत नाहीत. "बरोबर पकडलंस! बंद गाडीला छत आवळून धरतं. हिचा सगळा भार दारांखालच्या या दोन तुळयांवर. त्या आतून कुजल्या की गाडी पोटात खचते. रिकामी असताना कळत नाही. माणसं बसवली की दारं अडकतात."

एवढं बोलून त्यांनी काम सुरू केलं. बॉनेटवर टकटक, चाकांवरच्या पत्र्यावर चुंबक, मग टॉर्च घेऊन उताणे गाडीखाली. बाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. चुंबक पुढून मागे गेलं, मागून पुढे आलं, पण दारांखाली, त्या तुळयांवरच्या पट्टीशी आलं की दर वेळी मास्तरांचा हात उचलला जायचा.

"अहो, इथे नाही लावलंत."

"तिथे ठीक आहे."

"लावल्याशिवाय कसं कळलं?"

मास्तर मागच्या चाकाकडे वळले. बाईंनी दाराच्या फटीत बोट घालून पाहिलं. खाली अंगठा सहज जात होता आणि वर करंगळीही शिरेना. ब्लाउजची शिवण अशी तिरकी आली असती, तर त्यांनी मुकाट्याने उसवली असती.

तेवढ्यात आजोबा चहाचे कप घेऊन आले. "आज तरी ठरवून टाका मास्तर! चौथी खेप तुमची. मी कुणालाच दाखवत नाहीये, तुमच्यासाठीच ठेवलीये."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांचे कान लाल झाले होते आणि ते चहात बघत होते. अच्छा! म्हणजे गिऱ्हाईक हेच! आधी बाईंना हसू फुटलं, मग ते ओसरलं. लोकांच्या गाड्या नाकारण्यात जन्म गेला या माणसाचा, आणि स्वतःसाठी पहिल्यांदाच काहीतरी मनात भरलं होतं. आपण गप्प बसावं का? क्षणभर त्यांना तसं फार फार वाटलं.

"दादा, चल बस मागे," त्या म्हणाल्या. "आजोबा, तुम्हीही या. मी पुढे बसते."

दादा बसला तशी गाडी कण्हली. आजोबा "आई गं" करत त्याच्या शेजारी टेकले. बाईंनी आपल्या बाजूचं दार ओढलं. ते दोनदा आपटून, कसंबसं लागलं.

"आता उघडा बाहेरून," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खटका दाबला. दार हललं नाही. त्यांनी पाय रोवून ओढलं, तरी ढिम्म. मग दुसऱ्या बाजूला गेले. तेही तसंच.

"अहो, काल तर मस्त उघडत होतं!" आजोबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काल रिकामी होती." मास्तरांनी रुमालातलं चुंबक काढलं आणि पट्टीला लावलं. ते टप्पकन खाली पडलं. मास्तरांनी उकिडवं बसून ते उचललं आणि पुन्हा रुमालात गुंडाळलं.

"नाही घेत मी," ते शेवटी म्हणाले. "विका तुम्ही, पण घेणाऱ्याला आधी हे दार दाखवा."

बाईंना राहवेना. "एवढी आवडली होती, तर आम्हाला आणलंत कशाला हो? वजनच हवं होतं तर वाळूची चार पोती टाकायची. आम्ही तुमचा विरस तरी केला नसता."

"पोती बोलत नाहीत." मास्तरांनी वर पाहिलं. "मी पोती आणली असती, दार अडकलं असतं, आणि तरी मनाला समजावून मी गाडी घेऊन टाकली असती. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते! मग उद्या आपल्या नातीला इथे मागे बसवून फिरवलं असतं. कुणी साधी धडक दिली असती तर ही मधोमध दुमडली असती गं. पोर आत असताना."

आणि मास्तर रडायला लागले. आजोबांसमोर, मेव्हण्यासमोर, भर सकाळी. बाईंनी दारावरून हात बाहेर काढून त्यांचा हात घट्ट धरला. मागे दादाने खिडकीतून बाहेर बघण्याचं नाटक केलं, खिडकी नव्हती तरी.

"रडा हो, रडा," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. "फक्त आधी दादाला वर ओढून काढा, म्हणजे माझं दार उघडेल. मला तुमच्याजवळ येऊ दे."