वीस मिनिटं हलायचं नाही

"बोटं तुझी ठेव. माझ्या बोटांचं माप तुला चालणार नाही."

आमच्या कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टर प्रत्येकीला हे सांगायच्या. सत्तर सालानंतरची गोष्ट. चिंचवडच्या त्या कारखान्यात आम्ही बायका विजेच्या मोटारींच्या कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, गुंडाळायचो. थकलेली बाई दवाखान्यात आली की सिस्टर तिला खाटेवर आडवी करायच्या आणि तिचीच चार बोटं गुडघ्याच्या वाटीखाली आडवी ठेवायला लावायच्या. बोटं संपली की तिथे, नडगीच्या जरा बाहेरच्या अंगाला, केसासारखी बारीक सुई. दुसऱ्या पायालाही तशीच. मग हुकूम, "वीस मिनिटं हलायचं नाही."

याला अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही आपलं 'सुयांना जाऊन येते' म्हणायचो.

सिस्टर रजा काढून परगावच्या एका डॉक्टरांकडे हे शिकून आल्या होत्या. स्टीलच्या डब्यात सुया उकळायच्या, नवीन सुई आधी स्वतःच्या पायाला लावून बघायच्या. कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, ते चेष्टा करायचे. "चिन्यांची विद्या का सिस्टर? बासष्ट साली त्यांनी काय केलं, विसरलात?"

"माझा भाऊ होता तिकडं. विसरेन कशी?" सिस्टर डब्यावरचं झाकण न काढताच म्हणाल्या. "त्यांच्याकडून काहीतरी वसूल करतेय."



आता तुम्ही विचाराल, सुईनं थकवा जातो का? मला विचारू नका, मी कॉइलवाली बाई. मला माहीत आहे ते एवढंच. धाकटी झाल्यावर मी पहाटे चारला नळावर, मग चूल, मग कंपनी, मग परत चूल, अशी चालले होते आणि एक दिवस मशीनवरच डोळा लागला. तार बोटात घुसली. सिस्टरांनी बोट बांधलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त नाही अंगात. आधी लोहाच्या गोळ्या. मग सुया." महिनाभर गोळ्या खाल्ल्यावर मला खाट मिळाली. पायात जडसं काहीतरी वाटलं, आणि मी मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा डोकं इतकं हलकं झालं होतं की रडू आलं.

"सिस्टर, हे सुईनं झालं की झोपेनं?"

"मलाही नक्की ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "पण सुईशिवाय तुला इथं झोपू कोण देणार होतं?"

खरंच होतं ते. सुपरवायझर बायांना न्यायला दवाखान्यात यायचा. सिस्टर दारात उभ्या राहायच्या. "अंगात सुया आहेत. ओढून न्यायची तर न्या, मोडली तर तुम्ही काढा." गडी सुईला भलता भ्यायचा. आल्या पावली परत.

सुट्टीच्या दिवशी सिस्टरांच्या खोलीवरही बाया जायच्या. एकदा चऱ्होलीची एक सासू सुनेला घेऊन आली. "हिला चांगल्या चार सुया लावा वो. घरी आली की नुसती बसून ऱ्हाती."

"पाणी कोण भरतं?"

"हीच की."

"आणि तुम्ही?"

"मी रानात जाती. मला कुठं बसाया मिळतंय?"

सिस्टरांनी सतरंजी अंथरली. "मग दोघी पडा." म्हातारी लाजली, पण पडली. आणि सुनेच्या आधी घोरायला लागली.

मग नवे साहेब आले. माल वेळेत पाठवायचा म्हणून रोज तीन तास ओव्हरटाइम सुरू झाला. नको म्हणणारीचं नाव लिहून घेत आणि पुढं तिला कमी करत. साहेबांच्या कानावर सुयांचं गेलं होतं. ते दवाखान्यात आले तेव्हा मी खाटेवरच होते, दोन्ही पायांत सुया.

"उत्तम काम करता तुम्ही," साहेब म्हणाले. "आठ तास झाले की सगळ्यांना पाच-पाच मिनिटं सुया लावा आणि 'कामास योग्य' अशी चिठ्ठी द्या. तुमचा पगार वाढवू."

"जमणार नाही."

"का?"

"बाईला आराम मिळावा म्हणून मी सुया लावते, पुन्हा जुंपायला नाही. या बायका कामानं दमल्यात. त्यांना घरी सोडा."

"ते तुम्ही ठरवायचं नाही. तुम्ही फक्त चिठ्ठी द्यायची."

सिस्टरांना नवरा नव्हता, दिघीत म्हातारी आई त्यांच्याच पगारावर होती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी पडल्या पडल्या मनात म्हणत होते, बाई, हो म्हण, कशाला जिवावर उदार होतेस. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला आणि साहेबांच्या समोर पहिली चिठ्ठी माझ्या नावानं लिहिली. 'थकलेली आहे. घरी पाठवावी.' त्या संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात आलेल्या एकूण एक बाईला तीच चिठ्ठी दिली.

राजीनामा मागितला तर म्हणाल्या, "मी देणार नाही. तुम्ही काढा." आठवड्यात काढलं. आम्हाला निरोपही घेऊ दिला नाही. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. चार ओळी खोट्या लिहिल्या असत्या तर आमची खाट तरी राहिली असती, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आठ तास भरल्यावर सिस्टरांच्या जागी आलेल्या नव्या बाई लाल टॉनिकची बाटली घेऊन आमच्या रांगेत आल्या. प्रत्येकीला एक चमचा आणि एक छापील चिठ्ठी, 'कामास योग्य'. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी तोंड उघडलं नाही. मशीन बंद केलं, जेवणाचा डबा उचलला आणि चालू लागले.

"ए, कुठं निघालीस?" सुपरवायझर ओरडला. "उद्या येऊ नकोस मग."

घरी दोन पोरं, नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही. तरी मी मागं वळून पाहिलं नाही. दवाखान्यावरून गेले, दाराला कुलूप होतं. फाटकाशी रखवालदार स्टुलावर बसला होता. मला बघून तो तसाच बसून राहिला, एकटीला बाजूचं छोटं दार पुरे होतं. मग मागून बायांच्या डब्यांचा आवाज आला, त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, तो हळूहळू उठून उभा राहिला, आणि कुणी सांगायच्या आत त्यानं मोठं फाटक उघडलं.