बाभुळगावच्या अथेन्समधला अविश्वास ठराव

ट्रॅक्टरच्या गॅरेजात अथेन्स वसवण्याचा मान माझ्याशिवाय आणखी कुणाकडे जात असेल तर त्याने खुशाल पुढे यावं. मी त्याला चहा पाजीन, पण मान सोडणार नाही.

गॅरेज मिस्त्रीचं होतं. मिस्त्री माझा शाळेपासूनचा मित्र, बाभुळगावात ट्रॅक्टर आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याला लागूनच माझं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. कापसाचे ते वाईट दिवस होते. खरेदी केंद्र कधी सुरू, कधी बंद. कापूस घराघरांत आढ्यापर्यंत रचलेला आणि माणसं भाव फुटायची वाट पाहत चौकात बसलेली. माझ्याकडे गिऱ्हाईक येईना, मिस्त्रीकडे ट्रॅक्टर येईना. दोन रिकामे दुकानदार आणि गावभर रिकामी माणसं, एवढ्या भांडवलावर आमची ग्रीक संस्कृती उभी राहिली.

झालं असं की पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा सुट्टीत एक इंग्रजी खेळ ठेवून गेला. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ‘मी आता असं करतो’ म्हणायचं. केलेलं जमलं की फसलं हे फासा ठरवणार. एका माणसाने बोलत राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहायचं, असा खेळ जगात आहे हे ऐकून माझे डोळे भरून आले. सूत्रधार कोण होणार, यावर चर्चा झाली नाही. मी होऊ दिली नाही.

भाच्याच्या पुस्तकात आग ओकणारे ड्रॅगन होते. ते पहिल्याच रविवारी माजी सदस्याने मोडीत काढले. माजी सदस्य म्हणजे आमचा एक कास्तकार मित्र. कधीकाळी तो एक मुदत ग्रामपंचायतीवर निवडून आला होता आणि तेव्हापासून त्याला कुणी नावाने हाक मारलेली नाही.

“जनावर गावावरून उडते, आग ओकते, अन् एकाचीही कुटाराची गंजी जळत नाही? कोन मानन हे?”

मी तडक ग्रीसला गेलो. बी.ए.ला माझा इतिहास होता आणि प्राचीन ग्रीस मी त्या काळी आरशासमोर हातवारे करून पाठ केला होता. मी सांगितलं, अथेन्स आणि स्पार्टा. दोन गावं, मध्ये थोडी शेती, आणि एकाचं बरं दुसऱ्याला पाहवत नाही.

“तालुक्याचं ठिकान कोनतं?” माजी सदस्याने विचारलं.

“भांडण त्याचंच आहे,” मी म्हणालो. ग्रीस मंजूर झालं.

मिस्त्री झाला अथेन्सच्या आरमाराचा सेनापती. माजी सदस्य झाला सभा गाजवणारा पुढारी. शाळेत गणित शिकवणारे मास्तर देवळातले पुजारी झाले, कारण पुजाऱ्याला उठावं लागत नाही. फासा म्हणून मिस्त्रीने बोल्टाच्या एका मोठ्या लोखंडी नटाच्या सहा बाजूंवर पांढऱ्या रंगाने आकडे काढले. तो नट कधीकधी आकडा न दाखवता सपाट आडवा पडायचा. तसं झालं की देवाची मर्जी, असा नियम मी केला, आणि ती मर्जी सांगण्याचं काम अर्थातच माझ्याकडे घेतलं.

हळूहळू चौकातली माणसं बघायला येऊ लागली. टायरांवर, पेटाऱ्यांवर, उलट्या डब्यांवर बसायची. मिस्त्रीच्या घरून भाभी चहा पाठवायच्या. अथेन्समध्ये बायकांना मत नव्हतं, हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “फिर चाय भी मर्दाँच बनाते होंगे.” त्या रविवारी अथेन्सला चहा मिळाला नाही.

मिस्त्रीचा सेनापती मात्र बघता बघता मोठा झाला. आठवडाभर गॅरेजात पाना उचलायला काम नसायचं, आणि रविवारी सेनापतीकडे कामच काम. तो जहाजं दुरुस्त करायचा, वल्हेकऱ्यांना जेवू घालायचा, स्पार्टाची गलबतं बुडवायचा आणि बुडालेल्यांना दोर टाकायचा. बघे त्याला रस्त्यात “काय सेनापती” म्हणायचे. मिस्त्री हसायचा नाही, पण हात पुसायचं फडकं दुसऱ्या खांद्यावर टाकायचा. हे माजी सदस्याला बोचत होतं. त्याचा पुढारी भाषणं ठोकायचा आणि लोक मध्येच विचारायचे, आरमार कवा येते.

आणि अशा नाजूक वेळी मी अथेन्सची एक जुनी रीत सांगून बसलो. एखादा माणूस शहरात फार मोठा झाला की लोक जमत, फुटक्या खापराच्या तुकड्यावर नाव कोरत, आणि ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. गुन्हा लागत नाही, पुरावा लागत नाही.

माजी सदस्य टायरावरून उठला. “म्हंजे अविश्वास ठराव.”

“तसंच काहीसं.”

“पुढच्या रविवारी घ्या मंग. अन् मतं कोनाची?”

औदार्याच्या भरात मी सगळ्या बघ्यांना नागरिकत्व बहाल केलं.

लोक पांगल्यावर मिस्त्री माझ्याजवळ आला. “सेनापती गेला त मी काय करू?”

“खेळातली दहा वर्षं म्हणजे दिवाळीपर्यंत बाहेर बसायचं. मग नवं पात्र. जहाजावर वल्हं मारणारा हो.”

“मी? वल्हं?” तो म्हणाला, आणि हातातला नट उगाचच फिरवत राहिला.

पुढच्या रविवारी मी घरची पांढरी चादर ग्रीक पद्धतीने अंगाभोवती गुंडाळून गॅरेजवर आलो. शटर बंद. चौक ओस. टायरांवर एक कुत्रं. भाभींनी खिडकीतून माझ्या चादरीकडे बराच वेळ पाहिलं. “वो तो सबको लेके गये. कळंब.”

आमच्याकडच्या वाचकाला पुढचं सांगायला नको. अविश्वास ठराव आला की मतदार सदस्यांना गाडीत घालून सहलीला न्यायचं, देवदर्शन घडवायचं, जेवू घालायचं आणि मतदानाची वेळ टळेपर्यंत कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, ही आमची पंचायतराज पद्धत. मिस्त्रीने आख्खी अथेन्सची सभा एका मालवाहू टेम्पोत भरून पळवली होती.

तेवढ्यात माजी सदस्य मोटरसायकलवर आला. मांडीवर बारदान्याची पिशवी, आत घराच्या छपरावरची फुटकी कवेलू. तो चिडला असेल असं मला वाटलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

“मले वाटलंच. गडी तयार झाला. बसा मांगं.”

“कुठे शोधणार?”

“कळंबच्या पुढचा ढाबा. आमच्या टायमाले मले तिथंच ठेवलतं.”

चादर चाकात जाऊ नये म्हणून मी ती डोक्यावरून घेतली. वाटेत कापसाच्या बैलगाड्यांवरची माणसं आम्हाला वाट देत होती. बाईमाणूस दवाखान्यात चाललं आहे असा त्यांचा समज झाला असावा.

ढाब्यावर सभा पाटोडीच्या रश्श्यावर ताव मारत बसली होती. सकाळी सगळ्यांना कळंबच्या चिंतामणी गणपतीचं दर्शन झालं होतं. तोवर मिस्त्रीने बाहेर चपला राखल्या होत्या. आम्हाला पाहून तो उठला.

“मतदान बाभुळगावात. इथं नाही.”

“लोक इथं हायेत,” माजी सदस्य पिशवी खाली ठेवत म्हणाला.

“लोक जेवून राह्यले.”

“जेवून झाल्यावर करतीन.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आहाहा, काय तो क्षण. मी बाजेवर चढलो, चादर सावरली आणि निवाडा दिला, “जिथे अथेन्सचे नागरिक, तिथे अथेन्स.” तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तशी चादर रोज अंगावर नसते. मी लोकशाहीचा उगम सांगितला. देवीच्या तोंडून आशीर्वाद दिला, घोगऱ्या आवाजात स्पार्टाच्या राजाकडून धमकी दिली, आणि मागच्या रविवारी शहरात आलेली साथ अजून ओसरलेली नाही याची खोकून खोकून आठवण दिली. रश्श्यावर साय धरली.

“भाऊ,” कुणीतरी म्हणालं, “आता लिहू द्या ना.”

चुलीतले कोळसे आले. कवेलूचे तुकडे वाटले. ढाबेवाल्याने आपल्यालाही एक मागितला, त्याला दिला. मास्तरांनी खाटेवर खापरांचे ढीग लावायला घेतले. मिस्त्रीच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. माजी सदस्य ढिगांकडे पाहायचं टाळत दात कोरत होता.

मिस्त्रीच्या नावाचा ढीग लहान होता. माजी सदस्याचा त्याहून लहान. तिसरा ढीग मास्तरांच्या हातून घसरून खाली सांडला, इतका होता. प्रत्येक खापरावर एकच शब्द: सूत्रधार.

मी मास्तरांना पुन्हा मोजायला लावलं.

“काहून पन?” मी विचारलं.

“तुमीच सांगतलं,” एक म्हातारा नागरिक बोट चाटत म्हणाला, “जो लय मोठा झाला त्याले काढाचं. देव तुमी, राजा तुमी, समुद्र तुमी, अन् साथीचा रोगही तुमीच. बाकीच्याइनं काय करावं?”

मिस्त्रीचं आणि माजी सदस्याचं अक्षर मी ओळखतो. त्या ढिगात दोन्ही होती. शिवाय मास्तरांचंही.

“आता सांगन कोन?” ढाबेवाल्याने विचारलं. त्याला खेळ काय आहे हे अजून माहीत नव्हतं.

“मिस्त्री सांगन,” माजी सदस्य म्हणाला. “तो कमी बोलते.”

सगळ्यांनी मान डोलावली. मिस्त्रीने सुटकेचा निःश्वास टाकून भाकरीचा घास घेतला, आणि चावता चावता थांबला. सूत्रधाराला स्वतःचं पात्र नसतं, हे त्याला तेव्हा आठवलं. ज्याच्यासाठी टेम्पो केला, चपला राखल्या, तो सेनापती वाचला होता आणि तरी हातचा गेला होता.

त्याने टेम्पोच्या चारही चाकांची हवा पाहिली. मग माझ्याकडे आला.

“सेनापती तू घे.”

“मी तर हद्दपार.”

“सूत्रधार हद्दपार. तू नाही.” त्याने आवाज खाली आणला. “पाह्य, सकायीच लढवू नको त्याले, तापायले टाइम लागते. जरा डावीकडं ओढते, धरून ठेवजो. अन् त्याच्या तोंडून भाषन करू नको. आजवर त्यानं एकही केलं नाही.”

पुढच्या रविवारी मिस्त्री माझ्या जागेवर, पेटाऱ्यावर बसला. भाभींनी चहा पाठवला होता.

“सकाळ हाय,” मिस्त्री म्हणाला. “समुद्र हाय. बोला.”

एवढी आखूड प्रस्तावना मी जन्मात ऐकली नव्हती. मी उभा राहिलो, घसा साफ केला, हात वर नेला. मिस्त्री नुसता माझ्याकडे पाहत होता.

“वल्ही उचला,” मी म्हणालो, आणि बसलो.