‘निल’खालच्या ओळी

...तर आमच्या तलाठ्यानं तक्त्यात पाणीटंचाईपुढं लिहिलं ‘निरंक’. म्हणजे काहीच नाही! विहिरी कोरड्या, पण अर्ज एकाचाही नाही. कारण अर्ज घेणारा तोच आणि अर्ज दिसला की अंगावर येणाराही तोच. काल इथं हे ऐकून तुम्ही पोट धरून हसलात. माझी सून नीना हसली नव्हती. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या घरी, २००६ साली, हेच ऐकून हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली, “अण्णा, परत सांगा. सावकाश.”

नीनाची नोकरीच तशी. इंग्रज सोडून गेलेल्या आफ्रिकेतल्या एका देशात माणसांना कसं वागवतात, ते तपासून अहवाल लिहायचा. देशाचं नाव सांगत नाही. तिथं अजून काहींची पोरंबाळं आहेत. तिथून पळून इंग्लंडात आसरा मागणाऱ्याला ठेवायचं की परत धाडायचं, हे ठरवताना सरकारी माणसं तो अहवाल उघडत.

तिच्या तक्त्यातही एक रकाना होता, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा. सहा जिल्ह्यांपुढं ‘निल’, म्हणजे आपलं ‘निरंक’च. माझा तलाठी ऐकल्यावर ती तिकडून पळून आलेल्यांना शोधत हिंडली. मर्सी त्यातलीच. पोलिसांनी नवऱ्याला मारलं म्हणून तक्रार द्यायला गेली, तर हिलाच चार दिवस कोंडलं. पुढं ती आमच्याकडं थालीपीठ खायला येऊ लागली, मला ‘ग्रँडपा’ म्हणू लागली. नीनानं प्रत्येक ‘निल’खाली कारण लिहिलं आणि पानं अतुलकडं दिली.

अतुल पुण्याचा, तिचा वरिष्ठ. नोकरी त्यानंच लावून दिलेली. तिला ताई म्हणे, दर शनिवारी आमच्याकडं जेवे, माझ्या गोष्टींना सगळ्यांत मोठ्यांदा हसे. मला फार आवडायचा तो, खोटं कशाला सांगू!

पुढच्या मार्चमध्ये मर्सी एक पत्र घेऊन आली. तिचा आसऱ्याचा अर्ज नामंजूर. पत्रात नीनाच्याच अहवालाचा दाखला: तुमच्या जिल्ह्यात एकही तक्रार नाही. मर्सी रडली नाही, भांडली नाही. नीनाच्या नावावर बोट ठेवून एवढंच म्हणाली, “मी तुला सगळं सांगितलं होतं.” चहा न पिताच गेली.

नीनानं छापील अहवाल काढला. ‘निल’ तेवढे शिल्लक, खालच्या ओळी गायब.

फोनवर अतुल म्हणाला, “ताई, पानं वाढत होती गं. आणि शून्य म्हणजे शून्य, खोटं कुठंय त्यात?”

“तिला परत पाठवतायत, अतुल!”

“अपील करेल की. तुझे मूळ कागद मात्र बाहेर काढू नकोस हं, ऑफिसचे आहेत ते. नोकरी जाईल. बरं, अण्णांना नमस्कार सांग.”

नमस्कार! मी तिथंच बसलो होतो. घेतला नाही.

अपिलाच्या दिवशी कोर्टात नीना ते मूळ कागद घेऊन साक्षीला उभी राहिली. मागच्या खुर्च्यांवर मी आणि माझा मुलगा मिलिंद. तो माझ्या कानाशी मराठी करत होता. मर्सीनं नीनाकडं पाहिलंसुद्धा नाही. सरकारी बाजूच्या वकिलानं अहवाल वर धरला. “बाई, यावर नाव तुमचंच ना? मग खोटं कुठलं, हा अहवाल की तुमच्या हातातली पानं?”

नीना म्हणाली, “छापून आलेला अहवाल मी वाचलाच नव्हता. अतुलनं पाहिलाय म्हटल्यावर मी पुन्हा बघत नसे, मी त्याला भाऊ मानत होते. ही पानं माझ्या हातची आहेत, यातल्या प्रत्येक ओळीची मी शपथ घेते. मर्सीनं मला जे सांगितलं, ते आता तिच्यादेखत वाचते. कुठं चुकलं तर तिनं मला थांबवावं.”